घोंगडीखालचा हात

आवडाबाईकडे देवगाव रंगारीचे मूग आले की भादवा लागला, एवढं औरंगपुऱ्यातल्या त्या गल्लीत पंचांग न उघडता कळायचं. कारण मूग आले की दुसऱ्या दिवशी सकाळी ती ते वाटून मोकळी व्हायची. खालच्या भांड्यांच्या दुकानवाल्याच्या बायकोला थोडे, जिना झाडणाऱ्या बाईला थोडे, उरलेले समोरच्या शिंप्याकडे. एकवीस वर्षं हेच चाललं होतं. गल्लीला वाटायचं, सिस्टरबाईचा हात सढळ आहे. सत्तरी गाठलेल्या आवडाबाईला मात्र ठाऊक होतं, त्या मुगातला एक दाणाही आपल्या घशाखाली उतरायचा नाही.

यंदा मूग घेऊन सृष्टी आली. मूग पाठवणाऱ्या सरूबाईची ही नात, बावीस वर्षांची. ज्या दवाखान्यात आवडाबाईनं अठ्ठावीस वर्षं काढली, त्याच दवाखान्याच्या इमर्जन्सीत ती गेल्या दिवाळीपासून नर्स म्हणून लागली होती. तिला नर्सिंगला घालायचं आवडाबाईनंच घेतलं होतं डोक्यात. फॉर्म भरण्यापासून औषधांची इंग्रजी नावं घोकून घेण्यापर्यंत सगळं तिनं केलं. धनगराच्या वस्तीवरची पोर पांढऱ्या कपड्यात उभी राहिली, तेव्हा सरूबाई हात जोडून म्हणाली होती, हे उपकार कोणत्या जन्मी फेडायचे. आवडाबाई तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली होती.

सृष्टीनं पिशवी टेबलावर ठेवली, माठातलं पाणी स्वतःच घेतलं आणि खुर्चीत बसता बसताच सुरू झाली.

"सिस्टरआजी, आज तुमच्या नियमानं माझी कॉलर टाइट झाली."

झालं होतं असं. कन्नड तालुक्यातला एक म्हातारा छातीत दुखतं म्हणून सकाळी दाखल झाला होता. दुपारी त्याच्या मॉनिटरची घंटा वाजली. पडद्यावर बघावं तर नुसते डोंगर, हृदय सैरावैरा पळत सुटावं तसे. नवा डॉक्टर शॉकचं मशीन ओढत धावला. सृष्टीनं पाच खाटांवरूनच पाहिलं, बाबाचा अंगठा तळहातावर चालला होता. ती म्हणाली, सर, थांबा, ही तंबाखू आहे. सगळा वॉर्ड हसला. बाबा पण हसला, म्हणाला, "डाक्टरसाहेब, तुमाला पायजे का?" मग इन्चार्ज रूपाली सिस्टरनं सगळ्यांसमोर सृष्टीची पाठ थोपटली आणि सांगितलं, हा आवडा सिस्टरचा नियम. घंटा वाजली की आधी हात बघायचा, मग पडदा.

तसं यात खोटं काही नव्हतं. छातीला चिकटवलेल्या पट्ट्यांना हृदयाचा ठोका कळतो तशी हाताची हालचालही कळते. तंबाखू मळायचा वेग असा असतो, की पडद्यावर हुबेहूब जीवघेण्या ठोक्यांच्या लाटा उठतात. दात घासतानाही उठतात. पण आपल्याकडचा माणूस दवाखान्यात दात घासायचा विसरेल, तंबाखू मळायचा विसरायचा नाही.

आवडाबाई हसली नाही. तिनं विचारलं, "नाडी धरलीस?"

"अहो, हात हलताना दिसत होता की."

"मी काय विचारतेय? नाडी धरली होतीस का?"

सृष्टीनं तांब्या खाली ठेवला. "नाही," ती म्हणाली.

कौतुकाच्या जागी उलटतपासणी झाली म्हणून पोर जराशी उतरली. विषय बदलावा म्हणून ती घरचं सांगू लागली. हा किस्सा वस्तीवर सांगायची काही सोय नव्हती, कारण तिच्या वडलांसमोर, रामहरीसमोर, तंबाखूचं नाव काढलं तरी जेवणाचं ताट सरकवलं जातं. येत्या मंगळवारी आजोबांचा पक्ष होता. आसपासच्या वस्त्यांवर पितराच्या पानावर गेलेल्या माणसाला आवडायचं ते सगळं ठेवतात, मग ती विडी असो की तंबाखू. यांच्या पानावर नाही. दरवर्षी सरूबाई म्हणते, एक चिमूट ठेव रे. आणि दरवर्षी रामहरी म्हणतो, "जित्तेपणी दिलीस तेवढी पुरे झाली." मग सरूबाई उठून मेंढरांकडे जाते आणि त्या दिवशी जेवत नाही.

सृष्टीनं हे अगदी सहज सांगितलं. ज्या घरात आपण वाढलो तिथल्या गोष्टी माणूस अशाच सांगतो, आमच्याकडे वरणात गूळ घालतात म्हणावं तशा.

आवडाबाईनं हात टेबलावर ठेवला होता. तो मुगाच्या पिशवीला लागला तसा तिनं मागे घेतला.

*

ते साल दोन हजार तीन. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि आवडाबाईच्या तोंडात अजूनही आधी तेच येतं. इमर्जन्सीला तेव्हा सगळे कॅज्युअल्टी म्हणायचे. दहा खाटा, दोन मॉनिटर आणि शॉकचं एक मशीन. मशीनची पिन भिंतीतून निघू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी मारलेली.

वैजापूरहून ती या दवाखान्यात आली तेव्हा तर मॉनिटरही नव्हते. काचेच्या सिरिंजा उकळायच्या, सुया दगडावर घासून धार काढायची. हृदयाची चाल कळायची ती बोटांना. मनगटावर तीन बोटं टेकवून डोळे मिटायचे, की आतला माणूस बोलायला लागायचा. ही नाडी दमलेली, ही घाबरलेली, ही मध्येच एक पायरी गाळतेय. मोठे डॉक्टर राउंडला आले की म्हणायचे, आवडाबाईंना विचारा, मग ईसीजी काढा. तिला त्याचा अभिमान होता. मग मॉनिटर आले, पडद्यावर हिरवी रेघ पळायला लागली, आणि बोटं हळूहळू आळसावली.

तंबाखूचा तो नियमही तिला एका दिवसात सुचलेला नव्हता. वैजापूरच्या मोंढ्यातला एक हमाल होता. त्याला शॉक देणार एवढ्यात तिनं डॉक्टरचा हात धरला होता. एका हातानं हमालाचं मनगट आणि दुसऱ्या हातानं डॉक्टरचं. नाडी बैलासारखी संथ चालली होती आणि चादरीखाली मूठ मळत होती. त्या दिवसापासून तिचं नाव झालं. पण त्या दिवशी तिनं दोन गोष्टी केल्या होत्या, हात बघितला होता आणि नाडी धरली होती. पुढे सांगता सांगता नियमातला अर्धाच भाग उरला, ज्यावर लोक हसायचे तेवढाच.

सरूबाईचा नवरा मुंजाबा आला तो सोमवार होता. अठ्ठावन्न वर्षांचा मेंढपाळ, अंगानं काटक. पहाटे छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं म्हणून जीपमध्ये घालून आणलेला. हृदयाचा मोठा झटका होता. गुठळी विरघळायचं इंजेक्शन दिलं. आयसीयूत खाट रिकामी नव्हती म्हणून त्याला कॅज्युअल्टीतच मॉनिटर लावून ठेवला. दवाखान्याची चादर त्यानं पायानं ढकलून दिली. घरची काळी घोंगडी अंगावर असेल तरच पडून राहीन, म्हणाला. आवडाबाईनं पडू दिलं. असल्या माणसाशी भांडण्यापेक्षा त्याचा जीव निवांत ठेवलेला बरा, हे ती वर्षानुवर्षं शिकली होती.

दुपारपर्यंत तीनदा घंटा वाजली. तिन्ही वेळा घोंगडीखाली तळहातावर अंगठा चालू. सरूबाईनं त्याला लपवून चिमूट दिली होती आणि चंची त्याच्याकडेच राहिली होती. सकाळपासून तो लहान लेकरासारखा गयावया करत होता, तिला बघवलं नाही. तिसऱ्या वेळी, एक वाजता, आवडाबाईनं घोंगडीत हात घालून तंबाखूची चंची काढून घेतली आणि बाहेर जाऊन सरूबाईच्या हातात दिली. ही आता आत आणायची नाही, असं दरडावून सांगितलं. सरूबाईनं चंची कमरेला खोचली आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून बसून राहिली.

चार वाजता एक टेम्पो उलटला आणि चौघं जण एकदम आत आले. आवडाबाई एका बाईच्या दंडात शीर शोधत होती. रक्ताच्या थारोळ्यात शीर सापडत नव्हती. चार वाजून नऊ मिनिटांनी मुंजाबाची घंटा वाजली. तिनं मान वळवली. घोंगडी हलत होती.

"मुंजाबा, पुरे करा की आता," ती तिथूनच म्हणाली.

सलाईनची बाटली आणायला त्याच्या खाटेवरूनच जावं लागायचं. जाता जाता तिनं मॉनिटरचं बटण दाबलं. ते दाबलं की घंटा दोन मिनिटं गप्प बसते. पडद्याकडे तिनं धड पाहिलं नाही, त्याच्या तोंडाकडेही नाही. त्याच्या मनगटापासून तिचा हात वीतभर अंतरावर होता.

दोन मिनिटांनी घंटा पुन्हा वाजली. तेव्हा तिची सुई शिरेत गेली होती आणि ती पट्टी चिकटवत होती. चिकटवून झाल्यावर तिनं मागे पाहिलं. घोंगडी आता हलत नव्हती.

तिनं घोंगडी वर केली. तळहात उघडा होता आणि रिकामा होता. ना तंबाखू, ना चुन्याचा डाग. असणार कुठून? चंची तिनं स्वतःच काढून नेली होती. नखं जांभळी पडली होती.

मेंदूचं रक्त एकाएकी थांबलं की काही क्षण हातपाय झटके देतात. मळणं वाटलं ते हे झटके होते. हे तिला पुस्तकातून माहीत होतं, नव्या पोरींना तीच शिकवायची. पडद्यावरचे पहिले डोंगरही एव्हाना गेले होते, बारीक थरथर उरली होती. मिनिटाला दहा टक्के जीव हातातून जातो, हेही तीच शिकवायची.

पुढं जे करायचं ते तिनं सगळं केलं. स्टुलावर चढून छाती दाबली, तीनदा शॉक दिला, पुन्हा दाबली. चाळीस मिनिटं. हातातली काचेची बांगडी फुटून मनगटात रुतली. दारातून सरूबाई बघत होती. तिनं एवढंच पाहिलं, की एक परकी बाई आपल्या नवऱ्यासाठी घामानं निथळतेय आणि तिच्या हातातून रक्त येतंय. मूग त्यापायी यायचे.

मग व्हरांडा. रामहरी तेव्हा पंचविशीतला पोरगा. त्याला आईच्या कमरेची चंची दिसली आणि तो फुटला. तूच दिली ना, डाक्टरनं नको म्हटलं तरी तूच दिली ना, असं दहा माणसांत ओरडला. सरूबाई आवडाबाईकडे वळली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, सकाळची चिमूट भोवली काय वं त्यांना?"

आवडाबाईच्या हातात केसपेपर होता. तोंडाशी आलं होतं सगळं. चौकशी होईल हेही त्याच वेळी मनात आलं, डॉक्टर काय म्हणतील, वॉर्डातल्या पोरी काय म्हणतील, आवडा सिस्टरनं नाडी धरली नाही असं होईल.

"आता बोलून काय उपयोग, सरूबाई," ती म्हणाली.

केसपेपरवर तिनं लिहिलं, सल्ला दिलेला असताना रुग्ण तंबाखू खात होता. ते खरं होतं. घंटा वाजल्याची वेळ लिहिली चार वाजून बारा मिनिटं. मधली तीन मिनिटं कागदावर कुठंच आली नाहीत.

त्यानंतर तो नियम तिच्या तोंडून पुन्हा निघाला नाही. पण तिनं तो मागेही घेतला नाही. मागे घ्यायचा तर का ते सांगावं लागलं असतं. मग तो तिच्याशिवायच चालत राहिला, एका पोरीकडून दुसरीकडे, आणि फिरत फिरत मुंजाबाच्याच नातीपर्यंत येऊन पोचला.

*

"चहा टाकू का?" सृष्टीनं विचारलं.

"बस जरा," आवडाबाई म्हणाली. "तो नियम वापरायचा नाही यापुढं. घंटा वाजली की आधी मनगट धरायचं. हात हलू दे, नाही तर माणूस गाणं म्हणू दे. नाडी लागली, की मग पडद्याकडे. डोंगरांच्या मधूनमधून सरळ चालीचे ठोके दिसतात का ते बघायचं. दिसले तर तंबाखू."

"पण नियम तर तुमचाच ना."

"म्हणून तर सांगते. त्या नियमानं एक माणूस गेलाय माझ्या हातून."

"कोण?"

आवडाबाईनं कॅलेंडरकडे पाहिलं. तिनं विचारलं, सुट्टी कधी आहे. उद्याच, सृष्टी म्हणाली. "मग मला देवगावला घेऊन चल. तुला सांगण्याआधी सरूबाईला सांगायला पाहिजे."

सृष्टीनं एकदा मुगाच्या पिशवीकडे पाहिलं, एकदा आवडाबाईकडे. पोर मठ्ठ नव्हती. ती उठली, चपला घातल्या आणि सकाळी आठची बस आहे एवढं सांगून जिना उतरली.

त्याच संध्याकाळी आवडाबाईनं रूपालीला फोन लावला. रूपाली आधी हसली, तुमच्या नावानं वॉर्ड चालतो बाई, म्हणाली. आवडाबाईनं न थांबता सगळं सांगितलं, नाव आणि वेळ धरून. मग रूपाली म्हणाली, उद्या सकाळच्या पाळीला सगळ्यांना उभं करून सांगते. तुमचं नाव घेऊ का? घे, आवडाबाई म्हणाली.

सकाळी गल्लीत मूग वाटले गेले नाहीत. पिशवी टेबलावरच राहिली.

बसमध्ये सृष्टी खिडकीशी बसली. दौलताबादचा घाट गेला, वेरूळ मागे पडलं. मग बाहेर बघत बघतच तिनं विचारलं, "घंटा किती वेळ बंद केली होती?"

"दोन मिनिटं. वर एक."

"बोटाला ऑक्सिजनची चिमटी नव्हती?"

"होती. दुसऱ्या पेशंटला लावली होती."

"मधले ठोके दिसत होते का?"

"बघितलेच नाहीत मी."

"पहिल्या मिनिटात शॉक दिला असता तर?"

"बहुतेक वाचला असता," आवडाबाई म्हणाली. "नक्की नाही सांगता येत. पण बहुतेक."

सृष्टीनं माणसाचं नाव विचारलं नाही. पुढचा सगळा रस्ता तिनं खांद्यावरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला आणि सोडला.

वस्ती गावाबाहेर. दोन खोल्या, पत्र्याची पडवी, कुडाच्या आत पंधरावीस मेंढरं. सरूबाई पडवीत मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. आवडाबाईला बघून ती लगबगीनं उठायला लागली. एकवीस वर्षांत बाई पहिल्यांदाच दारी आली होती.

"आगं बया, बाई तुम्ही? सृष्टे, फोन तरी करायचा. घोंगडी टाक बाईला."

"घोंगडी नको," आवडाबाई म्हणाली आणि समोर मातीवरच बसली.

तिनं सांगितलं. रात्रभर मनात जुळवलेली वाक्यं एकही आठवली नाहीत, ते एका परीनं बरंच झालं. टेम्पो उलटला होता, हे तिनं आधी सांगितलं आणि लगेच म्हणाली, की ते कारण नव्हे. घोंगडी हलताना पाहिली, तंबाखू मळतोय असं समजले, घंटा बंद केली. माणसाला हात लावला नाही. तीन मिनिटं. घोंगडी उचलली तेव्हा हात रिकामा होता.

सरूबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"चंची तर तुमीच आणून दिली व्हती मला," ती म्हणाली. "एक वाजता."

"हो."

"मंग?"

"विसरले मी. सवयीनं."

कुडात एक कोकरू ओरडत होतं. सरूबाईनं तिकडं पाहिलं, मग पुन्हा इकडे.

"आन सकाळची चिमूट?"

"तंबाखू हृदयाला वाईटच, सरूबाई. खोटं सांगत नाही. पण त्या दिवशी ते तुमच्या चिमटीनं गेले नाहीत. झटका तर पहाटेच आला होता. आणि दुपारी वाचवायची वेळ माझ्याकडे होती, ती मी घालवली."

"म्या ईचारलं व्हतं तुम्हाला. व्हरांड्यात."

"विचारलं होतं."

"तवा काय म्हणला व्हता तुमी, ध्यानात हाय?"

आवडाबाईनं ते शब्द जसेच्या तसे उच्चारले. "आता बोलून काय उपयोग, सरूबाई."

"व्हय. ह्येच." सरूबाईनं मान हलवली, एखाद्यानं हरवलेली वस्तू ओळखून घ्यावी तशी. "लेक बोलला त्याचं मला काय नव्हतं. लेक हाय, रागात बोलतो. पर तुमी शिकलेली बाई. तुमाला समजत व्हतं. तुमी नाय म्हणला असता, तर म्या कुणाचंच ऐकलं नसतं."

आवडाबाई मातीकडे बघत राहिली. क्षमा मागायची म्हणून ती आली होती, पण मागायला तोंड उघडवेना.

सरूबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि नातीकडे न बघताच म्हणाली, "सृष्टे, बापाला हाक मार."

रामहरी खालच्या वावरातून आला, पाय चिखलानं भरलेले. पाहुणी बघून हसला, राम राम केला. सरूबाईनं त्याला बसू दिलं नाही.

"आता ह्याला सांगा, बाई," ती म्हणाली. "पयल्यापासनं. चंची कुणी कुणाच्या हातात दिली, तितपासनं सांगा."

आवडाबाई उठून उभी राहिली. उभ्यानंच तिनं सगळं दुसऱ्यांदा सांगितलं, या वेळी केसपेपरवर काय लिहिलं आणि काय लिहिलं नाही तेही. रामहरीच्या चेहऱ्यावरचं हसू निम्म्यात विझलं. तो एकदा तिच्या अंगावर धावून येतो की काय, असं वाटलं.

"मग इतक्या वर्सांनी कशाला आलात?" तो म्हणाला. "माझी माय जित्ती हाय का मेली, ते बघायला?"

रामहरी आईकडे वळला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. एकवीस वर्षं दरवर्षी म्हटलेलं वाक्य परत कसं घ्यायचं, हे कुणालाच कुणी शिकवलेलं नसतं.

सरूबाईनं त्याची वाट पाहिली नाही. "मंगळवारी बापाच्या पानावर चिमूट ठेव," ती म्हणाली.

"ठेवतो," रामहरी म्हणाला.

"चुना बी ठेव. त्यांना चुन्याबिगर चालत नव्हती."

ती पुन्हा खाली बसली आणि शेंगा सोलायला लागली. चहाचं नाव कुणी काढलं नाही. आवडाबाई निघाली तेव्हा मागून सरूबाईचा आवाज आला, ना रागाचा, ना मायेचा. "बाई, पुढल्या भादव्याला मूग यायचे नायत."

"बरोबर आहे," आवडाबाई म्हणाली.

सृष्टी तिला फाट्यापर्यंत सोडायला आली. वाटेत ओढ्याला पाणी होतं, दगडांवरून जावं लागत होतं. सृष्टी पुढं होती. तिसऱ्या दगडावर म्हातारी अडखळली तेव्हा तिनं मागे वळून हात दिला, पलीकडे गेल्यावर सोडून दिला. बस आली. आजी, सांभाळून जा, असं ती म्हणाली. सिस्टरआजी म्हणाली नाही.

मंगळवारी दुपारी फोन वाजला. सृष्टी फार बोलली नाही. पानावर तंबाखू ठेवली, पप्पांनी स्वतः मळून ठेवली, एवढंच सांगितलं. आणि आज्जी मेंढरांकडे गेली नाही. पंगतीत बसली, दोन वेळा आमटी मागून घेतली.

"बरं झालं," आवडाबाई म्हणाली.

"आणि काल ड्यूटीवर घंटा वाजली," सृष्टी म्हणाली. "मी मनगट धरलं. तंबाखूच होती."

आवडाबाईनं फोन ठेवला. खालून भांड्यांच्या दुकानातला खणखणाट येत होता. मग ती उठली. टेबलावरची पिशवी सोडली आणि त्यातले मूठभर मूग निवडून भिजत घातले. संध्याकाळी तिनं त्यांची आमटी केली, नुसतं तिखटमीठ घालून, आणि भाकरीबरोबर खाल्ली. पुढल्या भादव्याला येणार नव्हते; तिच्या वाट्याला देवगावचे मूग एवढेच होते.